मोसमी वारा आणि संजाणचा मधुमति

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संमेलन भरवायचं असो, मोर्चा काढायचा असो की गल्लीतल्या वाचनालयाचा सुवर्णमहोत्सव असो, आपण मराठी माणसं पहिलं काम कोणतं करतो? एक सुकाणू समिती नेमतो. मी सदाशिव पेठेत राहतो आणि आमच्याकडे अशा समित्यांना तोटा नाही. पेठेत समुद्र नाही. पावसाळ्यात रस्त्यावर येतो तेवढाच. तरी माणसं जमली, काहीतरी मार्गाला लावायचं ठरलं, की आम्हाला गलबताच्या मागच्या अंगाला असलेली, दिशा वळवणारी ती फळी आठवते. 'सुकाणू' हा शब्द अरबी 'सुक्कान'वरून आलेला आहे.

आता तुम्ही म्हणाल, त्यात नवल ते काय? मराठीत फारसी-अरबी शब्द ढिगांनी आहेत. खरं आहे. माधव जूलियनांनी १९२५ साली त्यांचा एक कोशच सिद्ध केला. पण त्यांतले बहुतेक शब्द खुष्कीने आले. दरबारातून, दफ्तरातून, फौजेबरोबर. अर्ज, वकील, जमीन, फौज हे शब्द घोड्यावरून आले असं म्हणू या. काही शब्द मात्र दरबारात कुणाला लागत नाहीत. नाव वल्हवणाऱ्यालाच ते लागतात. सुकाणू हा त्यांतला. खलाशी हा दुसरा. आमच्या कोळी बांधवांचा 'नाखवा' म्हणजे फारसी 'नाखुदा', नावेचा धनी. आणि 'मोसम' हा शब्द अरबी 'मौसिम'वरून आला. ठरलेली वेळ, हंगाम, असा त्याचा अर्थ. तोच पुढे पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला आणि 'मान्सून' होऊन वेधशाळेच्या अंदाजात परत आला.

हे शब्द कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांनी आणले, त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे. दिल्लीला सुलतान नव्हते, देवगिरीला अजून यादवांचं राज्य उभं राहिलं नव्हतं, ज्ञानेश्वरी लिहिली जायला साडेतीनशे वर्षं बाकी होती, त्या काळची ही गोष्ट आहे.

ती समजायची तर आधी वारा समजून घ्यायला हवा. जूनपासून नैर्ऋत्येचा वारा समुद्र ढवळून काढतो. कोकणातली बंदरं बंद होतात, होड्या वर ओढून ठेवतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच पुन्हा पाण्यात उतरायचं, ही रीत आजही आहे. पूर्वी ओमान आणि इराणी आखातातलं सिराफ इथली गलबतं या वाऱ्याचा जोर ओसरला की त्याच्या शेपटाला धरून निघत आणि आपल्या किनाऱ्याला लागत. हिवाळ्यात वारा फिरतो आणि ईशान्येकडून वाहू लागतो. त्याच्या पाठबळावर परत जायचं. म्हणजे येण्याची वेळ वारा ठरवणार आणि जाण्याचीही वारा ठरवणार. व्यापाऱ्याच्या हाती मधले काही महिने.

ती गलबतंही आपल्या ओळखीची नव्हेत. त्यांच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी ठोकलेल्या नसत. नारळाच्या काथ्याने त्या एकमेकींना शिवलेल्या असत. काथ्या जायचा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून. सागवानही इथूनच जायचं, कारण आखातात इमारती लाकूड जवळजवळ नाहीच. जे जहाज आपल्याकडे परकं म्हणून येत होतं, त्याचं लाकूड आणि त्याची शिवण पुष्कळदा याच किनाऱ्याची असे.

बरं, व्यापार म्हणजे नुसता माल उतरवला आणि चढवला असं होत नाही. उधारी असते. माल गोळा व्हायला वेळ लागतो. उधारी वेळेत वसूल झाली नाही, ईशान्येचा वारा संपला, की पाहुणा अडकला. पुढचा मोसम येईपर्यंत त्याने राहायचं. एक पावसाळा काढायचा म्हणजे छप्पर हवं, चूल हवी, बाजारात पत हवी. मग कुणी घर बांधतो. कुणी लग्न करतो. दुसऱ्या पावसाळ्याला तो अडकलेला नसतो, घरी असतो. कोकणातल्या मुसलमान वस्तीचा आरंभ असा भिजत झालेला आहे.

याचा लेखी पुरावा आहे का? आहे, आणि तो दोन्ही बाजूंचा आहे. अरबांनी लिहिलेला आणि आपल्या राजांनी तांब्यावर कोरवलेला.

आधी अरबांचा पाहू. इसवी सन ८५१च्या सुमाराचा एक अरबी वृत्तांत सांगतो की हिंदुस्थानातला सर्वांत मोठा राजा 'बल्हारा', आणि अरबांवर त्याच्याइतका लोभ दुसऱ्या कुणाचा नाही. बल्हारा म्हणजे वल्लभराज, मान्यखेटचे राष्ट्रकूट. पुढे अल्-मसूदी हा बगदादचा प्रवासी ९१६च्या सुमारास स्वतः 'सैमूर'ला आला. सैमूर म्हणजे अलिबागच्या दक्षिणेचं आपलं चौल. त्या वेळी तिथे राष्ट्रकूटांचा मांडलिक शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. मसूदी लिहितो की चौलात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. कुणी सिराफचे, कुणी ओमानचे, कुणी बसऱ्याचे, कुणी बगदादचे. ते इथे लग्नं करून स्थायिक झाले आहेत. आणि जे इथेच जन्मले, त्यांना तो वेगळं नाव देतो, 'बयासिरा'. दहा हजार हा आकडा त्याचा आहे, मोजणी करणाऱ्या कारकुनाचा नाही, हे ध्यानात ठेवू. पण इथे जन्मलेल्यांसाठी वेगळा शब्द रुळलेला होता, याचा अर्थ ते ९१६ सालीसुद्धा नवे नव्हते.

या वस्तीचा एक प्रमुख असे. त्याची नेमणूक राजा करी आणि मुसलमानांचे आपसांतले तंटे त्याच्यापुढे चालत. त्याच्या हुद्द्याला 'हुनरमन' म्हणत. फारसी 'हुनर' म्हणजे कौशल्य. आपण कसबी माणसाला 'हुन्नरी' म्हणतो, तोच हा शब्द. मसूदी आला तेव्हा या जागेवर अबू सईद मारूफ बिन झकरिया नावाचा गृहस्थ होता.

दहाव्या शतकातल्याच 'अजाइब-उल्-हिंद' या दर्यावर्दींच्या कथांच्या संग्रहात चौलच्या एका हुनरमनची गोष्ट आहे. सिराफच्या एका खलाशाने देवळात शिरून मूर्तीची विटंबना केली. लोक खवळले. राजापुढे त्याला उभं केलं तेव्हा दरबारी म्हणाले, जागच्या जागी मारून टाका. पण त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, असं करता येणार नाही. या लोकांशी आपला करार आहे, त्यांचा न्याय त्यांचा हुनरमन करील. तेव्हा अब्बास बिन माहान नावाच्या हुनरमनला बोलावलं आणि विचारलं, तुमच्या मशिदीत कुणी असं केलं तर तुम्ही काय कराल? तो म्हणाला, आम्ही त्याला जिवंत ठेवणार नाही. त्या उत्तरावर खलाशाचा निकाल लागला. गोष्ट कठोर आहे आणि ती शिक्षा आज कुणी मागणार नाही. मला त्यात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. संतापाच्या भरातही राजाच्या दरबारात करार आठवणारा एक माणूस होता. आणि परक्या देवळाला लावायचं माप हुनरमनने आपल्या मशिदीच्या मापाहून लहान केलं नाही.

आता आपल्या बाजूचा पुरावा. तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ चिंचणी नावाचं गाव आहे. तिथे १९५५ साली काही ताम्रपट सापडले. डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतला सर्वांत जुना शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र गादीवर आहे. भाषा संस्कृत. त्यात संयानमंडळाच्या, म्हणजे संजाणच्या, अधिपतीचं नाव येतं मधुमति. वंश ताजिक. वडिलांचं नाव साहियारहार. जरा कान लावून ऐका: मधुमति म्हणजे मुहम्मद आणि साहियारहार म्हणजे शहरयार. ताजिक हे अरबांचं त्या काळातलं नाव. ते आपल्याला अगदीच अपरिचित नाही. आमच्या पेठेतले जोशीबुवा वर्षफल काढतात ना, त्या पद्धतीला ताजिकच म्हणतात आणि त्यातला 'इत्थशाल' योग मुळात अरबी 'इत्तिसाल' आहे. पत्रिका बघणाऱ्यालाही हे ठाऊक असतंच असं नाही.

या मधुमतीला संजाणचा कारभार दुसऱ्या कृष्णराजाने दिला होता. त्याने आसपासच्या बंदरांचे प्रमुख जिंकले आणि तिथे आपले अधिकारी बसवले, असं ताम्रपट म्हणतो. इथवर कुठल्याही सुभेदाराची हकीकत. पण पुढे त्याच्या पुण्यकृत्यांची नोंद आहे. त्याने नद्यांवर फुकट उतार सुरू केले, म्हणजे पैलतीरी जायला नावेचं भाडं द्यावं लागू नये. आणि संजाणला एक अन्नछत्र घातलं. तिथे भात, कालवण आणि तूप मिळे, तेही विनामूल्य. दर्यावर्दींच्या वंशातल्या माणसाला पुण्य म्हणून आधी होडी सुचावी, हे मला फार खरं वाटतं.

मुख्य दान पुढेच आहे. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने संजाणला दशमी देवीची एक मठी बांधली होती. तिच्या डागडुजीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि ब्राह्मणांच्या भोजनासाठी एक गाव आणि काही जमीन मधुमतीने, राजाची अनुमती घेऊन, दिली. तो ताम्रपट म्हणजे याच दानाचा कागद. देवी हिंदू, मठी ब्राह्मणाची, राजा राष्ट्रकूट आणि देणारा मुहम्मद बिन शहरयार.

ही एकच नोंद असती तर तिला अपवाद म्हणून बाजूला ठेवता आलं असतं. पण दक्षिणेकडे जाऊ. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या खारेपाटणला इसवी सन १००८चा शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट मिळाला. त्यात अव्वेश्वर या शिवमंदिराच्या खर्चासाठी परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सोन्याचा गद्याण लावून दिला आहे. परदेशी गलबतं आणणारे बहुधा कोण? हेच ताजिक. म्हणजे महादेवाच्या दिव्यात त्यांचं तेल होतं. आणखी खाली गोव्यात, अकराव्या शतकाच्या मध्यास, कदंब राजा पहिला जयकेशी याच्या ताम्रपटात ताजिक घराण्यातला चडम नावाचा अधिकारी भेटतो. त्याच्या 'मिजिगिती'च्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या गलबतांवर पट्टी बसवली होती. मिजिगिती म्हणजे मशीद. ही गलबतं नुसती अरबांची नव्हती, गुजरातपासून केरळापर्यंतच्या किनाऱ्यावरची होती. एका ठिकाणी जकातीतून देऊळ चालतं, दुसऱ्या ठिकाणी जकातीतूनच मशीद. कुणी कुणावर उपकार केले नाहीत. बंदर चालायचं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला आपला देव जवळ असल्याचा धीर हवा, हे दोन्ही राजांना ठाऊक होतं.

हे सगळं सांगताना गुळाचा पाक करायचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. हे राजे जकातीसाठी प्रेमळ होते. व्यापारी नफ्यासाठी सज्जन होते. मार्को पोलोचा तेराव्या शतकाच्या अखेरचा वृत्तांत सांगतो की ठाण्याचा राजा समुद्री चाच्यांना सामील होता. लुटीतले घोडे राजाने घ्यायचे आणि बाकीचा माल चाच्यांनी, असा त्यांचा सौदा होता. संजाणच्या मठीचाही पुढे शेजारच्या देवळाशी जागेवरून तंटा झाला. तोही ताम्रपटांतच आहे. शेजारी म्हटले की तंटे आलेच, हे सदाशिव पेठेत राहणाऱ्याला कुणी वेगळं सांगायला नको. माणसं भली होती म्हणून व्यवहार टिकला असं नव्हे. पुढच्या मोसमात तोंड दाखवायचं होतं, म्हणून तो टिकला.

असं फक्त आपल्याकडेच झालं का? नाही. एक उदाहरण फार लांबचं आहे, पण ऐकण्यासारखं आहे. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर मकासर नावाचं बंदर आहे. तिथले मुसलमान दर्यावर्दी दर डिसेंबरात वायव्येचा वारा धरून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याला, आर्नहेम लँडला जात. तिथे योलंगू हे मूळ रहिवासी राहतात. मकासरवाले उथळ पाण्यातून समुद्रकाकडी गोळा करत. हा काकडीच्या आकाराचा एक मऊ प्राणी. उकडून, धुरावून, वाळवून तो चीनला विकला जाई. बदल्यात योलंगूंना कापड, तांदूळ, लोखंडी हत्यारं, तंबाखू मिळे. एप्रिलच्या सुमारास वारा फिरला की पाहुणे परत. काही योलंगू त्यांच्याबरोबर मकासरला जाऊन राहून आले. नातीगोती झाली, भांडणं आणि खूनही झाले. मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज कप्तान फेब्रुवारी १८०३मध्ये तिथे पोहोचला, तेव्हा मकासरचा पोबासू नावाचा म्होरक्या त्याला भेटला आणि त्याने सांगितलं, या किनाऱ्यावर आमच्या साठ नावा आणि हजार माणसं आहेत. ज्या किनाऱ्याचा नकाशा इंग्रज त्या वेळी काढत होते, तिथे दुसऱ्यांचा नेहमीचा बाजार भरत होता.

या बाजाराच्या दोन खुणा तिथे राहिल्या. पहिली चिंचेची झाडं. मकासरवाल्यांनी जिथे मुक्काम केला, त्या किनाऱ्यांवर ती आजही उभी आहेत. चिंचेला अरबांनी नाव दिलं 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. दुसरी खूण शब्दांची. पैशाला योलंगू भाषेत 'रुपिया' म्हणतात. आपला रुपया मलाया, मकासर करत करत तिथवर गेला. त्या लोकांनी हिंदुस्थान पाहिला नव्हता आणि रुपयाला कुठला पासपोर्ट लागला नव्हता.

दोन्हीकडच्या या गोष्टींचा शेवटही सारखाच आहे. आपल्या समुद्रात सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि त्यांनी 'कार्ताज' काढला. कार्ताज म्हणजे परवान्याचा कागद. तो विकत घेतल्याशिवाय समुद्रात गलबत घालायचं नाही. घातलं तर जप्त. आजवर इथल्या राजांनी बंदरात जकात घेतली होती. तिकडे ऑस्ट्रेलियात आधी मकासरच्या नावांवर जकात आणि परवाने आले, मग सरकारने परवाने देणंच थांबवलं आणि १९०७नंतर ती गलबतं आली नाहीत. योलंगू किनाऱ्यावर वाट पाहत राहिले. त्यांच्या गाण्यांत आणि नाचांत ती शिडं अजून येतात. वारा दोन्हीकडे पूर्वीसारखाच वाहत होता.

आता थोडं माझ्याविषयी. कवितावाचन झाल्यावर लोक मला प्रेमाने दोन प्रश्न विचारतात. एक, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" आणि दुसरा, "मूळचे तुम्ही कुठले?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे: तुमचं जसं झालं तसंच, आईकडून. दुसऱ्या प्रश्नाला मात्र लोकांना लांबचं गाव अपेक्षित असतं. बसरा, बगदाद, गेला बाजार लखनौ. मी साताऱ्याकडचा म्हटलं की ते थोडे हिरमुसतात. माझं घराणं घाटावरचं, बांगड्या भरणारं, मणेर. चौलच्या बयासिरांशी माझं रक्ताचं नातं आहे असा माझा दावा नाही आणि मला त्याची गरजही वाटत नाही. या मातीत राहायला प्राचीन पूर्वज दाखवावे लागत असतील, तर तो परवाना माझ्या शेजाऱ्यांकडेही मागावा लागेल. त्यांतल्या कितीतरी जणांचे पूर्वज पेशवाईत कोकणातून घाट चढून आलेले आहेत.

मला त्या जुन्या माणसांकडून वंशावळ नको, व्यवहार हवा आहे. आमच्या पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी ते १९१० साली स्थापन केलं. माझं बी.ए.पर्यंतचं शिक्षण, लिपितज्ज्ञ मी नव्हे. पण शहाण्या माणसांनी वाचून ठेवलेले ताम्रपट छापील पानावर वाचायला कुणाची ना नसते. त्या पानांवर मला 'सर्वधर्मसमभाव' असा शब्द कुठे आढळला नाही. आढळली ती भाडं न घेणारी होडी. आढळला अन्नछत्रातला भात. आणि आढळला करार, जो संतापातही आठवायचा असतो. मोठे शब्द नंतर आले, तेव्हा या लहान गोष्टी कमी होत गेल्या की काय, असं कधी कधी वाटतं.

जाता जाता चिंचणीच्याच आणखी एका ताम्रपटाविषयी सांगतो. मधुमतीनंतर शंभरावर वर्षं लोटली आहेत. राष्ट्रकूट बुडाले आहेत. इसवी सन १०३४मध्ये चामुंडराज हा शिलाहारांचा मांडलिक संजाणच्या त्याच देवीच्या मठीला एक तेलाचा घाणा देतो आहे. देवीपुढचा दिवा जळत राहावा म्हणून. असं दान करताना ते ज्यांना जाहीर करायचं, त्या गावातल्या प्रतिष्ठितांची नावं पटात घालण्याची पद्धत होती. त्या यादीत शेठ-सावकारांच्या बरोबरीने 'हंयमना'ची मंडळी आहे. हा शब्द 'अंजुमन'वरून आला. हे अंजुमन पारशांचं की अरबांचं, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. त्यातली तीन नावं अशी आहेत: अल्लिय, महर आणि मधुमत. अली आणि मुहम्मद त्यात सहज ऐकू येतात.

देवीच्या दिव्याला तेल मिळणार, हे या तिघांना कळवणं राजाला आवश्यक वाटलं. आणि त्यांना उद्देशून त्या पटात जो शब्द वापरला आहे, तो यवन नाही, म्लेंच्छ नाही, पाहुणे असाही नाही. तो आहे 'पौर'. पौर म्हणजे गावकरी.